पोरांच्या डोक्यातल्या उवा जात का नाहीत: खसखस की तीळ?

रविवारी औषध लावलं, सोमवारी डोकं साफ, आणि पुढच्या रविवारी पोर पुन्हा कराकरा डोकं खाजवतंय. मग घरात दोनच निष्कर्ष निघतात: औषध बोगस होतं, नाहीतर शाळेतून परत आल्या. दोन्ही खरं असू शकतं. पण नेमकं काय झालं ते ओळखल्याशिवाय दुसरी बाटली आणणं म्हणजे पैसे वाया, आणि पोराच्या डोक्याला विनाकारण कीटकनाशक. ओळखायला लागतं फारच थोडं: बारीक दातांची फणी, पांढरा कागद, सेलोटेपचा तुकडा आणि आधी औषध लावलं ती तारीख.

फणीत सापडलेली जिवंत ऊ सेलोटेपवर चिकटवा, टेप कागदावर लावा आणि खिडकीपाशी नेऊन बघा. ती खसखशीच्या दाण्याएवढी आहे की तिळाएवढी? पुढचा सगळा निर्णय यावर आहे.

कारण असं. मादी रोज सहा ते आठ अंडी घालते. त्यांना आपण लिखा म्हणतो. टाळूजवळ, केसाच्या मुळापासून साधारण ६ मिलिमीटरच्या आत, सिमेंटसारख्या चिकट द्रवाने ती लिख केसाला डकवते. टाळूच्या उबेत ती सात ते दहा दिवसांत फुटते. बाहेर पडलेलं पिल्लू जेमतेम १ मिलिमीटरचं, म्हणजे खसखस. तीनदा कात टाकून ते मोठं व्हायला आणखी नऊ ते बारा दिवस लागतात. तेव्हा ते तीळ होतं, २ ते ३ मिलिमीटरचं, आणि अंडी घालायला लागतं. डोक्यावर मोठी ऊ महिनाभर जगते. डोक्यावरून खाली पडली तर रक्त न मिळाल्याने एक-दोन दिवसांत मरते.

आता तारीख आणि आकार जुळवून बघा.

औषधाच्या दुसऱ्याच दिवशी तिळाएवढ्या उवा, त्याही तरतरीत पळणाऱ्या

औषध लागूच पडलं नाही. (ऊ हलतेय, पण पेंगल्यासारखी हळूहळू, तर घाई करू नका. काही औषधांना पूर्ण परिणाम व्हायला आठ ते बारा तास लागतात.) लागू न पडण्याची कारणं बहुतेक वेळा लावण्यातच सापडतात.

सर्वांत मोठा गुन्हेगार तेल. आपल्याकडे शाळेत जाणाऱ्या मुलीचं डोकं चप्प तेल लावून, घट्ट वेण्या घालून पाठवायची पद्धत. त्या तेलकट केसांवर पर्मेथ्रिनचं (हे उवांचं नेहमीचं औषध) लोशन लावलं तर ते केसाला आणि टाळूला नीट लागतच नाही. कंडिशनरचंही तेच. 'टू इन वन' शाम्पूत कंडिशनर असतं हे बाटली वाचल्याशिवाय कळत नाही. आधी साध्या शाम्पूने डोकं धुवायचं, तेल खूप असेल तर दोनदा. मग टॉवेलने इतकं टिपायचं की केस ओलसर राहतील पण पाणी ठिबकणार नाही. निथळत्या केसांवर औषध पातळ होतं आणि उवेला पुरेसं लागत नाही.

दुसरं कारण मात्रा. कंजूषपणा इथे महागात पडतो. खांद्यापर्यंतच्या केसांना साधारण ५० ते ६० मिली लोशन लागतं, कमरेपर्यंतच्या दाट केसांना दुसरी बाटली उघडावी लागते. भांगात चार थेंब टाकून चोळून उपयोग नाही. कानामागे आणि मानेवरच्या बारीक केसांत नीट मुरवा, कारण उवांचं ठाणं तिथेच असतं. घड्याळ लावून १० मिनिटं ठेवा. धुताना पोराला बेसिनवर वाकवा, डोळ्यांवर पंचा धरा, पाणी कोमट किंवा गार घ्या. आंघोळीत धुतलं तर औषध सगळ्या अंगावरून ओघळतं, आणि गरम पाण्याने ते कातडीत जास्त शोषलं जातं. त्यानंतर दोन दिवस शाम्पू नाही, कंडिशनर नाही, तेलही नाही.

तिसरं कारण आकडा. उवांसाठी पर्मेथ्रिन १ टक्क्याचं. दुकानात त्याच नावाचं ५ टक्क्यांचं क्रीमही मिळतं, ते खरजेसाठी, अंगाला लावायचं. चिठ्ठीशिवाय 'उवांचं द्या' म्हटलं की कधी कधी हेच हातात पडतं. बाटलीवरचा आकडा काउंटरवरच वाचा. गॅमा बेंझिन हेक्झाक्लोराइड, म्हणजे लिंडेन, असं लिहिलेलं औषध लहान मुलांसाठी घेऊ नका. ते मज्जासंस्थेवर परिणाम करतं, झटके येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००३ साली त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला.

हे सगळं बरोबर केलं आणि तरी दुसऱ्या दिवशी उवा टणटणीत असतील, तर त्या पर्मेथ्रिनला दाद देत नाहीत. अशा उवा आता जगात बऱ्याच ठिकाणी आहेत. त्याच औषधाची तिसरी-चौथी बाटली ओतू नका, प्रकार बदला. डॉक्टरांकडून आयव्हरमेक्टिनचं अर्ध्या टक्क्याचं लोशन लिहून घेता येतं: सहा महिन्यांपुढच्या मुलांना, कोरड्या केसांवर १० मिनिटं, बहुधा एकदाच. त्याने लिख मरत नाही, पण फुटून बाहेर आलेलं पिल्लू तगत नाही. ४ टक्के डायमेथिकोन मिळालं तर तेही चांगलं. ते विष नाही, उवेला बाहेरून लेपून टाकणारं सिलिकॉन तेल आहे, त्यामुळे सवय होण्याचा प्रश्न फारसा येत नाही. कोरड्या केसांना लावून आठ तास किंवा रात्रभर ठेवायचं आणि सात दिवसांनी पुन्हा. मात्र ते केसांत असेपर्यंत पोराला गॅस, निरांजन, उदबत्ती यांच्या जवळ जाऊ द्यायचं नाही, केस पेट घेऊ शकतात.

चौथ्या ते दहाव्या दिवसात उवा दिसल्या, पण सगळ्या खसखशीएवढ्या

ही सर्वांत नेहमीची गोष्ट, आणि इथे औषध बोगस नव्हतं. मोठ्या उवा मेल्या, लिखा राहिल्या, त्या आता फुटताहेत. पर्मेथ्रिन सगळ्या लिखा मारत नाही. म्हणून दुसरा हात लागतोच: पहिल्यानंतर नऊ दिवसांनी. रविवारी लावलं असेल तर पुढच्या आठवड्यातला मंगळवार. तोपर्यंत जवळजवळ सगळ्या लिखा फुटलेल्या असतात आणि एकही पिल्लू अंडी घालण्याएवढं मोठं झालेलं नसतं. तिसऱ्या दिवशी घाबरून दुसरा हात लावला तर न फुटलेल्या लिखा पुन्हा वाचतात. 'आता दिसत नाहीत' म्हणून तीन आठवडे टाळलं तर पहिली पिल्लं तीळ होऊन अंडी घालत बसलेली असतात. उवा 'परत आल्या' अशी जी तक्रार असते, तिच्यातल्या बऱ्याच वेळा हा मंगळवारच चुकलेला असतो. कॅलेंडरवर दुधाच्या खाड्याशेजारी ती तारीखही लिहा.

दोन-तीन आठवडे फणी कोरी निघाली आणि मग एकदम एक-दोन तीळ

या बाहेरून आल्या. ऊ उडत नाही, उडी मारत नाही. तिच्या पायांची नखं केस धरण्यासाठी बनलेली असतात आणि एका डोक्याला दुसरं डोकं टेकलं की ती केसावरून चालत पलीकडे जाते. तेव्हा शोधायचं ते डोकं: या पोराचं डोकं रोज कुणाच्या डोक्याला टेकतं? शाळा संशयित आहेच, पण घरातच पाहा. शेजारी झोपणारी बहीण, मांडीवर घेऊन बसणारी आजी, एकाच मोबाइलवर तिघं कार्टून बघतात ती चुलत भावंडं. आजीची अडचण अशी की पांढऱ्या विरळ केसांत लिखा दिसत नाहीत, आणि 'माझ्या डोक्यात कुठल्या उवा' म्हणून ती तपासूही देत नाही. न रागावता, तेल लावायच्या निमित्ताने फणी फिरवा. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी सगळी पोरं एका ओळीत गोधड्यांवर झोपतात. तिथून आल्यावर पहिल्या आठवड्यात एकदा फणी फिरवणं हा नियमच करा.

ज्याच्या डोक्यात जिवंत ऊ सापडेल त्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध. थोरल्या मुलीला आज, धाकट्याला परवा, असं केलं की उवा एका डोक्यावरून दुसऱ्यावर फिरत राहतात. पण ज्यांच्या डोक्यात सापडली नाही त्यांना 'असू दे, खबरदारी म्हणून' औषध लावू नका, त्यांच्यासाठी फणी पुरे.

ऊ एकही नाही, फक्त पांढरे ठिपके

इथे बहुतेक वेळा काहीच करायचं नसतं. ठिपका नखाने ढकलून बघा. सहज सरकला, उडाला तर कोंडा. केसाभोवती बांगडीसारखा असून वर-खाली घसरला तर तो कातडीचा पापुद्रा. घट्ट चिकटलेला, एका बाजूने डकवलेला, थेंबाच्या आकाराचा असेल तर लिख. मग ती टाळूपासून किती लांब आहे ते बघा. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. लिख मुळाशी घातली जाते आणि केसाबरोबर पुढे सरकते. टाळूपासून १ सेंटिमीटरहून लांब असलेली लिख म्हणजे महिन्यापूर्वीचं रिकामं टरफल. जिवंत लिख मुळाशी असते आणि मळकट तपकिरी दिसते, रिकामी पांढरी चमकते. म्हणजे जी सहज डोळ्यात भरते ती बहुधा मेलेली असते. जुनं परीक्षण अजूनही चांगलं: दोन अंगठ्यांच्या नखांत दाबली की भरलेली लिख टचकन फुटते, रिकामी नुसती चपटी होते.

खाज हाही पुरावा नव्हे. खाज उवेच्या लाळेच्या अ‍ॅलर्जीने सुटते. पहिल्यांदाच उवा झालेल्या मुलाला ती सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, आणि उवा मेल्यावरही ती काही दिवस टिकते.

फणी: खरं काम इथे होतं

दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला कुठलंही औषध लावायचं नाही, त्याला फक्त फणी. दोन वर्षांच्या आतल्यांनाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध नको. गरोदर बाईलाही आधी फणीच. औषधाला दाद न देणाऱ्या उवाही फणीपुढे हरतात, फक्त फणी खरी हवी. दातांमधली फट ०.३ मिलिमीटरपेक्षा कमी पाहिजे. मोजायची युक्ती: झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. त्याच्या तीन पट्ट्या एकावर एक धरून फटीत घाला. सहज शिरल्या तर ती फणी उवा काढेल, लिखा आणि पिल्लं सोडून देईल. प्लास्टिकच्या फणीचे दात दाट केसांत फाकतात. लांब, गोल, स्टीलच्या दातांची घ्या. बाटलीबरोबर फुकट आलेली फणी बहुतेक वेळा बाहुलीच्या केसांना बरी.

डोकं शाम्पूने धुवा, पाणी टिपा आणि भरपूर कंडिशनर चोपडा. दोन-तीन मोठे चमचे तरी हवं, केस बुळबुळीत झाले पाहिजेत. कंडिशनर नसेल तर खोबरेल तेल चालतं. कोरड्या केसांत ऊ मिनिटाला २० सेंटिमीटरच्या आसपास पळते, भांग पाडेपर्यंत ती पलीकडे. ओल्या, चिकट केसांत ती जागीच राहते. आधी रुंद दातांच्या कंगव्याने गुंता पूर्ण सोडवा, नाहीतर बारीक फणी अडकते, पोर रडतं आणि काम तिथेच संपतं.

पोराला उजेडात बसवा, गच्चीत किंवा गॅलरीत, खांद्यावर पांढरा पंचा टाका. केसांचे चार भाग करून तीन चापांनी बांधा. मोकळ्या भागातून फणीच्या रुंदीएवढीच बट घ्या, जास्त नाही. फणीचे दात टाळूला टेकले पाहिजेत. हे नाही केलं तर मुळाजवळच्या लिखा तशाच राहतात. टाळूपासून टोकापर्यंत एका दमात ओढा. प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या टिश्यूवर किंवा जुन्या सुती चिंधीवर पुसा आणि काय निघालं ते बघा. एका बटेला चार बाजूंनी चार वेळा: वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून. झालेली बट पिळून चापात बांधा. कान आणि मान शेवटी, सावकाश. लांब केसांना पाऊण तास लागतो. दहा मिनिटांत उरकलं असेल तर काहीतरी राहिलंय.

फणीनेही न सुटणारी लिख दोन नखांत धरून टोकापर्यंत ओढायची, तीही जमत नसेल तर तेवढा एकच केस कात्रीने मुळाशी कापायचा. व्हिनेगरने डिंक विरघळतो असं म्हणतात, प्रत्यक्षात तो फारसा विरघळत नाही आणि खाजवून सोललेल्या टाळूला मात्र झोंबतो.

नुसत्या फणीवर भिस्त असेल तर वार ठरलेले: पहिला, पाचवा, नववा, तेरावा दिवस. रविवारी सुरू केलं की गुरुवार, पुढचा सोमवार, त्यानंतरचा शुक्रवार. सतराव्या दिवशी, मंगळवारी, तपासणीची फणी. मधल्या कुठल्याही फेरीत तीळ सापडला तर मोजणी पुन्हा एकपासून. पर्मेथ्रिनही लावलं असेल तर पहिले दोन दिवस कंडिशनर टाळा, नुसत्या ओलसर केसांतून फणी फिरवा. काम झाल्यावर फणी कढत पाण्यात १० मिनिटं.

घरगुती उपायांपैकी काय मुळीच नको

सीताफळाच्या बियांची पूड सर्वांत आधी. उवा मरतात हे खरं, म्हणूनच ती गावोगाव वापरली जाते. पण धुताना तीच पूड पाण्याबरोबर डोळ्यात उतरते. काही तासांत डोळा लालबुंद होतो, पापणी उघडवत नाही, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा वरचा थर सोलला जातो. लहान मुलाला डोळे घट्ट मिटून ठेव म्हणणं किती उपयोगाचं आहे ते सर्वांना माहीत आहे. चुकून गेलीच तर १५ मिनिटं स्वच्छ पाण्याची धार, आणि त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर.

रॉकेल नको: कातडी भाजते, वाफ आणि घोट फुप्फुसात जातो, आणि चुलीजवळ काय होईल ते सांगायला नको. झुरळ-मुंग्यांचा खडू भांगात ओढणं नको. कापूर घातलेलं तेल बेताने असा सल्ला मिळतो, पण लहान मुलात थोडासा कापूर पोटात गेला तरी झटके येतात, आणि डोक्याला चोळलेला हात तोंडात जातोच. डांबराच्या गोळ्या कुटून लावल्याने काही मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कडुलिंबाचं तेल टाळूला लावलेलं चालतं, पाजायचं मात्र थेंबभरही नाही. आणि रात्रभर तेल लावून डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधू नका, झोपेत ती नाकातोंडावर येते.

मुलग्याचं डोकं भादरलं की प्रश्न मिटतो, हेही खरं. मुलीचं भादरायची गरज नाही. रडवून, शाळेत टोपी घालून पाठवून जे साधायचं ते फणीने साधतं.

गाद्या, उशा, घर

इथे लोक फार शक्ती घालवतात. घरभर फवारणी नको, सोफा उन्हात काढायला नको. गेल्या दोन दिवसांत वापरलेले अभ्रे, पंचा, ओढणी, स्कार्फ कढत पाण्यात (५५ अंशांच्या वर) भिजवून धुवा. रिबिनी, चाप, कंगवे १० मिनिटं त्याच पाण्यात. धुता न येणाऱ्या टोप्या, हेल्मेट, कापडी बाहुल्या तीन दिवस बाजूला ठेवा, पुरे. तेवढा वाचलेला वेळ फणीला द्या.

रोजच्या बचावासाठी शाळेत जाताना घट्ट वेण्या किंवा बांधलेले केस, कंगवा आणि रिबिनी स्वतःच्या, आणि दर रविवारी न्हाणं झाल्यावर पाच मिनिटांची फणी. उवा स्वच्छ डोक्यालाही होतात, त्यामुळे 'रोज न्हाऊ घालते तरी' या वाक्यात अपराधीपणा कशाला. न होण्यासाठी आधीच औषध लावून ठेवायची सोय नाही.

डॉक्टरांकडे कधी

टाळूवर खवडे, पू, मधासारख्या पिवळ्या खपल्या, मानेवर किंवा कानामागे दुखऱ्या गाठी, ताप: आधी डॉक्टर, मग उवांचं औषध. सोललेल्या कातडीवर लोशन लावायचं नाही. लोशनच्या दोन योग्य हातांनंतरही तीळ दिसत असतील तरी जा. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या १५ किलोच्या आतल्या मुलांना देत नाहीत आणि मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे शेजारणीच्या मुलाच्या पाकिटातली उरलेली गोळी आपल्या पोराला नको.

शाळेने 'उवा आहेत, घरी ठेवा' म्हटलं तर वाद न घालता सांगा की आज औषध लावून उद्या पाठवतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही लिखांवरून मुलांना शाळेबाहेर ठेवायला विरोध केला आहे. शाळा कळवते तेव्हा ऊ बहुधा महिनाभर तिथेच असते, आणखी दोन दिवस घरी ठेवून काही वाचत नाही. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कुणाचंही नाव न घेता एकच निरोप टाका: येत्या रविवारी सगळ्यांनी फणी फिरवायची, सापडल्यास त्याच दिवशी औषध, पुन्हा नऊ दिवसांनी मंगळवारी.